दीड मीटर चांगली माती

मावशी : हे वाक्य कुणी लिहिलं?

भाचा : कुठलं?

मावशी : पान सहा, खालून तिसरी ओळ. मोठ्यानं वाच.

भाचा : मावशी, तुला फक्त अहवालाच्या शेवटच्या पानावर सही करायचीय. ‘कारखान्याच्या माजी कर्मचारी’ असं लिहिलंय ना, त्याच्याखाली. बाकी सगळी ऑफिसची भाषा आहे, त्यात तू पडू नकोस.

मावशी : अकरा वर्षं कारखान्याच्या दवाखान्यात रजिस्टर लिहिलंय मी. ऑफिसची भाषा मला शिकवू नकोस. वाच.

भाचा : ‘सदर कारखान्यातील कामगारांना कामामुळे आजार झाल्याची कोणतीही नोंद आढळून आली नाही.’

मावशी : कुणी लिहिलं?

भाचा : विभागानं.

मावशी : विभागाला हात असतात?

भाचा : मी लिहिलं. झालं समाधान?

मावशी : नाही झालं. तुझी आई कुठं कामाला होती?

भाचा : मावशी, पुरे ना.

मावशी : कुठं होती?

भाचा : समोरच. बॅटरीच्या कारखान्यात, प्लेट खात्यात. शिशाच्या प्लेटा उचलायची आणि रचायची. हे तुलाही माहीत आहे आणि मलाही.

मावशी : आणि गेली कशानं?

भाचा : किडन्या गेल्या तिच्या.

मावशी : कितव्या वर्षी?

भाचा : सत्तेचाळिसाव्या.

मावशी : मी बहिणीला पोचवून आले तेव्हा तू बारावीत होतास. त्या दिवसापासून तू माझ्या घरचा. आता पालिकेचा इंजिनिअर झालास, माझ्याच खुर्चीत बसतोस आणि मला वाचून दाखवतोस की नोंद आढळली नाही!

भाचा : नाहीच आढळली! खोटं नाही लिहिलेलं मी. महिनाभर शोधत होतो. कामगार ऑफिसात गेलो, विमा ऑफिसात गेलो, कारखान्याच्या मालकाच्या जावयाकडे गेलो. त्यानं दारातूनच वाटेला लावलं. कुठंही एक चिठोरा नाही. मग मी काय लिहायचं? ‘माझी आई वारली, घ्या लिहून’?

मावशी : हो, तेच लिही.

भाचा : तसा रकाना नाही त्यात.

मावशी : काय म्हणालास?

भाचा : रकाना नाही, म्हणजे... ओरडू नकोस गं. बाहेर ती तपासणीवाली बाई बसलीय गाडीत.

मावशी : ऐकू दे तिला! रकाना नाही म्हणे. जागा किती, भिंत किती, झाडं किती, सगळ्याला रकाने. एक पान तर नुसतं गवतावर आहे. आणि दीडशे बायका त्या धुळीत उभ्या होत्या, त्यांना रकाना नाही?

भाचा : हा निधी जमिनीच्या तपासणीचा आहे, मावशी. शांतपणे ऐकशील का? चार वर्षं मी याच्यामागे चपला झिजवल्यात. सव्वीस वर्षं ती जागा कुलपात पडलीय. कुणी विकत घेत नाही, कुणी बांधत नाही, कारण आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. आता पहिल्यांदा सरकारनं पैसा दिलाय. माती तपासायची, राहायला योग्य आहे असा अहवाल आला की बिल्डर काम सुरू करणार. दोनशे बारा घरं होतील. त्यातली साठ आपल्या गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्यांतल्या लोकांना. फुकट. मी भांडून घेतलीत ती साठ.

मावशी : माती तपासायला पैसा निघाला.

भाचा : हो, निघाला.

मावशी : तुझ्या आईचं पोट दुखायचं तेव्हा ती गुडघे छातीशी घेऊन पडायची. हिरड्यांवर निळी रेघ आली होती तिच्या. निळी! मी स्वतः तोंड उघडून बघितली होती. तेव्हा एक पैसा निघाला नाही. आणि आज मातीसाठी निघाला. का? तर वर घरं विकायचीत.

भाचा : हे तू मला का सुनावतेस? मी तेव्हा चड्डीत होतो!

मावशी : आता फुल पँटमध्ये आहेस ना, म्हणून.

भाचा : बरं. समज, मी लिहिलं. कामगार आजारी पडत होते, असं लिहिलं. पुढं काय होईल सांगू? वरचे म्हणतील, संशय आहे, दुसऱ्या टप्प्याची तपासणी करा. त्याला तिप्पट पैसा लागतो, आणि तो मंजूर नाही. बिल्डर काढता पाय घेईल. महिनाअखेर अहवाल गेला नाही तर आहे तो निधीही परत. मग ती जागा आणखी वीस वर्षं कुलपात. वाऱ्यानं तीच धूळ तुझ्याच स्वयंपाकघरात. सांग, काय मिळवलं?

मावशी : आणि तू म्हणतोस तसं केलं, तर तीच धूळ साठ घरांच्या पायाखाली. तुझ्या नकाशात टाकीच्या मागे हिरवा चौकोन काढलाय, तो काय आहे?

भाचा : मुलांचं खेळायचं मैदान.

मावशी : टाकीच्या मागे?

भाचा : हो. का?

मावशी : गाडीतल्या बाईला आत बोलाव.

भाचा : कशाला? तुझी मुलाखत मी लिहिलीय. पान नऊ.

मावशी : माझी मुलाखत झाली आणि मलाच पत्ता नाही? ए पोरी! अगं, ए गाडीतली! ये आत, दार उघडंच आहे.

तपासनीस : नमस्कार. मी प्रयोगशाळेकडून आलेय, मातीचे नमुने घ्यायला. साहेब म्हणाले, तुमची तब्येत बरी नाही, म्हणून मी बाहेरच थांबले.

मावशी : माझी तब्येत ठणठणीत आहे. साहेबाचीच जरा नाजूक आहे. तुला काय विचारायचंय ते मला विचार.

तपासनीस : एकच विचारायचं होतं. कारखान्यात खराब माल, गाळ, फुटक्या बॅटऱ्या कुठं टाकायचे?

मावशी : खड्ड्यात.

भाचा : मावशी!

मावशी : चार्जिंगची शेड होती. तिच्या मागे पाण्याची उंच टाकी, अजून उभी आहे. टाकीच्या शेवटच्या खांबापासून भिंतीकडे सोळा पावलं चालायचं. तिथं खड्डा होता, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा खोल. आधी अ‍ॅसिडचा गाळ टाकायचे. पुढं पुढं सगळंच टाकायला लागले.

तपासनीस : साहेब, नकाशात हा अकरा नंबरचा बोअर आहे. बरोबर त्याच जागी.

भाचा : मग झालं तर! आहे ना बोअर तिथं? उद्या मशीन येतंय, नमुना निघेल, जे असेल ते दिसेल. मी काही लपवत नाहीये.

मावशी : किती खोल जाणार मशीन?

तपासनीस : दीड मीटर.

मावशी : दीड मीटर चांगली माती आहे तिथं. कारखाना बंद करायच्या आधी सात ट्रक मुरूम आणून वर पसरला होता, माझ्या डोळ्यांदेखत. तुमचं मशीन दीड मीटर जाईल, लाल मुरूम वर काढेल, आणि तुम्ही लिहाल, उत्तम.

तपासनीस : मी चार मीटर मागितले होते, साहेब. तुमच्या पत्रात दीड होऊन आले.

भाचा : अठरा बोअर चार-चार मीटर मारायचे तर निधीत बसत नव्हतं. काहीतरी कापायला लागणारच होतं. एक तर बोअर कमी करायचे, नाहीतर खोली.

मावशी : आणि तू खोली कापलीस.

भाचा : मला काय स्वप्न पडलं होतं खाली काय आहे ते? तू कधी बोललीस? बावीस वर्षं तुझ्या घरात राहिलो, जेवलो, या खिडकीतून ती टाकी रोज बघितली. एकदा तरी म्हणालीस, तिथं खड्डा आहे म्हणून?

मावशी : माझा चष्मा कुठं ठेवला मी?

भाचा : चष्मा राहू दे. म्हणालीस का कधी?

मावशी : सही करणार नाही मी. कागद उचल.

तपासनीस : एक गोष्ट सांगू का? जागेवर काही वेगळं दिसलं तर एका बोअरची खोली वाढवायचा अधिकार तपासणाऱ्याला असतो. एकाच बोअरची. तसं करारात आहे, त्याला साहेबांची परवानगी लागत नाही.

भाचा : तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?

तपासनीस : कळतंय, साहेब. म्हणूनच तुमच्यासमोर सांगितलं. मावशी, उद्या दहा वाजता याल? पावलं तुमची लागतील.

*

(दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचं गंजलेलं फाटक उघडलं तेव्हा मावशी सगळ्यांच्या आधी आत गेली. सव्वीस वर्षांनी जात होती, पण कुणाला वाट विचारली नाही. गुडघाभर गवतातून ती टाकीपर्यंत गेली, शेवटच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि मोजत चालू लागली. भाचा लांबून बघत होता. तिची पावलं आता पूर्वीपेक्षा लहान पडतात हे त्याच्या लक्षात आलं, तिच्याही आलं असावं, कारण सोळानंतर तिनं आणखी दोन टाकली.)

मावशी : इथं.

तपासनीस : नक्की?

मावशी : मार इथं. नाही निघालं तर मी सही करते, सांग त्याला.

भाचा : नाही निघालं तर बरंच आहे की सगळ्यांचं. तुला काय, निघायलाच हवंय?

मावशी : निघालं नाही, तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल. पण ते निघणार.

तपासनीस : मागे व्हा जरा दोघं. दादा, सुरू करा मशीन. अर्ध्या अर्ध्या मीटरला थांबायचं.

भाचा : मुरूम आहे.

तपासनीस : एक मीटर. मुरूमच.

भाचा : दीड. बघ, स्वच्छ. इथंच थांबलो असतो आपण.

मावशी : म्हणून सांगितलं.

तपासनीस : दोन मीटर. मुरूमच आहे, जरा ओला लागतोय. चालू द्या, दादा.

भाचा : मावशी, तू उन्हात उभी राहू नकोस. टाकीच्या सावलीत तरी जा.

मावशी : तू तुझ्या वरच्या साहेबाला फोन लाव जा. मघापासून खिसा वाजतोय तुझा.

तपासनीस : थांबा! थांबवा मशीन. दादा, हातमोजे घाला. मोकळ्या हातानं धरू नका ते.

भाचा : काय आहे? राखाडी माती आहे नुसती.

तपासनीस : माती नाही ही. गाळ आहे. आणि हा काळा तुकडा बघा, बॅटरीच्या खोक्याचा आहे. अजून कडा शाबूत आहे त्याची. मागे व्हा, मी यंत्र लावते.

मावशी : पिस्तुलासारखं काय आहे ते?

तपासनीस : याच्यात शिशाचा आकडा लगेच दिसतो. पक्का आकडा प्रयोगशाळेतूनच येईल, पण अंदाज येतो. वर घरं बांधायची तर चारशेच्या आत हवा.

भाचा : किती दाखवतंय?

तपासनीस : परत लावते. एकदा चुकू शकतं.

भाचा : किती?

तपासनीस : एकोणीस हजार. आधी वीस दाखवलं होतं.

भाचा : वीस हजार?

तपासनीस : हो. आणि साहेब, दोन मीटर चाळीसला सुरू झालंय, अजून तळ लागलेला नाही.

मावशी : मुलांचं मैदान!

भाचा : बोलू नकोस. एक अक्षर बोलू नकोस.

मावशी : मी काय...

भाचा : सोळा पावलं. नंतर दोन आणखी. डोळे बांधले असते तरी पोचली असतीस तू. तू दवाखान्यात बसायचीस, मावशी. पंख्याखाली. गाळ टाकणारी माणसं वेगळी होती. तुला हा खड्डा पावलांनी कसा पाठ?

मावशी : घरी चल, सांगते.

भाचा : इथंच सांग.

मावशी : ही पोरगी आहे.

भाचा : तिचं कामच आहे ऐकायचं. काल हौसेनं आत बोलावलं होतंस ना? सांग.

मावशी : मी आले होते इथं. शेवटच्या दिवशी, हातगाडी घेऊन.

भाचा : कशासाठी?

मावशी : रजिस्टरं टाकायला.

भाचा : कसली?

मावशी : दवाखान्याची. अकरा वर्षांची, एकोणतीस रजिस्टरं. आमचा मॅनेजर होता, पांढरे बूट घालायचा, म्हणून बायका त्याला पांढरा बूटच म्हणायच्या. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. म्हणायचा, पोटदुखी लिहायची नाही, हात लुळा पडला लिहायचं नाही, मूल पडलं तर मुळीच नाही. ‘अशक्तपणा’ लिहा. मी लिहायचे. आडव्या ओळीत नाव, पुढं अशक्तपणा. त्याच्याखाली नाव, अशक्तपणा. अक्षर चांगलं होतं माझं.

भाचा : आणि आई?

मावशी : तिच्याही पुढं तेच.

तपासनीस : मी मशीनकडे जाते.

मावशी : थांब. तू ऐक, तुला लिहायचंय. बंद पडायच्या दोन वर्षं आधी एक नवा डॉक्टर आला होता, तरणा. त्यानं प्लेट खात्यातल्या चाळीस बायकांचं रक्त बाहेर पाठवलं, कुणाला न विचारता. रिपोर्ट आला तो माझ्या हातात आला, कारण डाक मी उघडायचे. चाळीस नावं, पुढं आकडे. खाली छापलं होतं, चाळीसच्या वर आकडा असेल तर त्या माणसाला कामावरून लगेच हलवा. चाळीसपैकी अडतीस जणी वर होत्या. डॉक्टरला त्याच आठवड्यात काढलं.

भाचा : आईचा किती होता?

मावशी : एकाहत्तर.

भाचा : तू तिला सांगितलंस.

मावशी : नाही.

भाचा : नाही?

मावशी : नाही सांगितलं.

भाचा : दोन वर्षं? दोन वर्षं ती रोज त्या फाटकातून आत गेली, दुपारी तुझ्याबरोबर बसून डबा खाल्ला, आणि तुला माहीत होतं?

मावशी : पांढरा बूट म्हणाला, एकीला जरी कळलं तर दोघी बहिणी घरी. तुझा बाप सोडून गेला होता. तुझी शाळा, घरभाडं, माझ्या आईचं औषध, सगळं दोन पगारांवर चाललं होतं. मी म्हटलं, दिवाळं निघतंय कारखान्याचं, वर्षभरात बंद पडेल, मग ती आपोआपच सुटेल. वर्षाची दोन झाली.

भाचा : माझ्या शाळेवर ढकलू नकोस!

मावशी : ढकलत नाही. तू विचारलंस म्हणून काय होतं ते सांगते. शेवटच्या दिवशी मॅनेजर म्हणाला, दवाखान्याचे कागद खड्ड्यात टाका, उद्या मुरूम येतोय. मी हातगाडी भरली. तो रिपोर्ट वरच होता. एक पान होतं रे, घडी घालून पदरात लपवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. नाही लपवलं. मला तो कागद नकोच होता डोळ्यांसमोर. टाकला, आणि मुरूम पडेपर्यंत उभी राहिले.

भाचा : आणि काल मला विचारत होतीस, वाक्य कुणी लिहिलं.

मावशी : हो.

भाचा : नोंद आढळली नाही! कशी आढळेल? तू इथं पुरलीस! आणि माझ्यावर डोळे वटारतेस? खुर्चीत बसवून आईचं वय विचारतेस मला?

मावशी : मी जे केलं तेच तू करायला निघाला होतास. सुंदर अक्षरात. ते मला बघवेना.

भाचा : माझी बरोबरी करू नकोस स्वतःशी. मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

मावशी : ते खरं आहे.

भाचा : खरं आहे म्हणतेस नुसती! रड तरी! हात जोड, काहीतरी कर!

मावशी : त्यानं काय होणार आहे?

भाचा : मॅडम, नमुने सीलबंद करा. जे निघालं ते सगळं लिहा. आणि या बाईंना कुणीतरी घरी सोडा. मी सोडणार नाही.

*

मावशी : ये. दार लोटून घे.

भाचा : बसायला नाही आलोय.

मावशी : बारा दिवसांनी तोंड दाखवतोस. नळावर कळलं मला, पालिकेनं तुला मीटर खात्यात टाकलं म्हणून.

भाचा : पाण्याचे मीटर तपासतो आता. सकाळपासून सतरा खड्ड्यांत उतरलोय.

मावशी : अहवालाचं काय झालं?

भाचा : आमचे वरचे साहेब म्हणाले, अकरा नंबर वगळ. सतरा बोअर स्वच्छ आहेत, एक चुकीचा आला, मशीन बिघडलं होतं असं लिही. मी म्हटलं, मशीन बिघडलं नव्हतं. ते म्हणाले, मग तू बिघडलायस. तपासनीस बाईंनी नमुने आधीच प्रयोगशाळेत नोंदवले होते, त्यामुळे साहेबांना ते दडपता आलं नाही. अहवाल गेला. आहे तसा.

मावशी : आणि घरं?

भाचा : बिल्डर गेला. दुसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा अर्ज करायचाय, वर्ष तरी जाईल. साठ घरं सध्या तरी गेली.

मावशी : ते मला रोज ऐकवतात. परवा बादली भरायला गेले तर शेजारीण म्हणाली, स्वतःला दोन खोल्या आहेत, म्हणून दुसऱ्याचं छप्पर खाल्लं म्हातारीनं. काल कुणीतरी दारावर चिखल फेकला.

भाचा : बघितला.

मावशी : त्यांचंही चूक नाही.

भाचा : चूक कसं नाही? कुणी फेकला? नाव सांग, मी जातो आत्ता.

मावशी : तू माझ्यावर रागावलायस ना? मग माझ्यासाठी भांडायला कशाला निघालास?

भाचा : रागावलोय. अजूनही. रोज उठलो की पहिलं तेच आठवतं. मी तुला माफबिफ केलेलं नाही, गैरसमज नको.

मावशी : मी मागितलीय का?

भाचा : नाही. त्याचाही राग येतो.

मावशी : मग आलास कशाला?

भाचा : तपासनीस बाईंनी एक वाट काढलीय. जमिनीतल्या विषाचा त्रास कुणाकुणाला झाला असेल, त्यांची यादी अहवालाला जोडता येते. कामगारांची आणि आजूबाजूच्यांची. त्यासाठी आम्ही दोघं आरोग्य खात्याच्या बाईंकडे गेलो. आधी टोलवाटोलवी केली त्यांनी. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारातच बसलो, साडेचार तास. शेवटी म्हणाल्या, नावं आणा, सोमवारपासून आम्ही रक्त घेतो. जमिनीच्या निधीतून नाही, त्यांच्या खात्यातून.

मावशी : मग आणलीस का नावं?

भाचा : दारोदार फिरलो आम्ही दोघं. प्लेट खात्यातल्या नऊ जणी सापडल्या. सहा जणींनी दार उघडलं. एक तर तिसऱ्या मजल्यावर राहते, हाताची बोटं वळत नाहीत तिची. मला बघून म्हणाली, तुझा चेहरा सेम तुझ्या आईसारखा आहे. बाकीच्या कुठं आहेत, आहेत की नाहीत, कुणाला सांगता येत नाही. कागद तर खड्ड्यात आहे.

मावशी : कागद खड्ड्यात आहे. वही आणलीयस?

भाचा : कशाला?

मावशी : मी चाळीसच्या चाळीस सांगते. त्याच क्रमानं.

भाचा : सव्वीस वर्षांनी? अठ्ठावीस झाली त्या रिपोर्टला.

मावशी : कागद टाकला म्हणून डोक्यातून गेला का तो? लिही. पहिली, ओतकाम खात्यातल्या मुकादमाची धाकटी सून. आकडा त्रेपन्न. ती माहेरी गेली, नदीपलीकडच्या गिरणीमागे घर होतं. दुसरी, लंगडीची बहीण, अठ्ठेचाळीस. तिसरी... सावकाश सांगू का?

भाचा : नको. चालू दे.

मावशी : तिसरी गाणारी. पासष्ट. गेली ती, कारखाना बंद व्हायच्या आधीच. तिला मुलगी आहे, शाळेत शिपाई आहे, तिचंही रक्त घ्यायला हवं. तेव्हा ती पोटात होती. चौथी, आमच्या मागच्या गल्लीतली, जिनं काल चिखल फेकला तिची सासू.

भाचा : म्हणजे तुला माहीत आहे कुणी फेकला.

मावशी : तिचं नाव लिही आधी. आकडा साठ. सासूला सोमवारी घेऊन ये म्हणावं, रिक्षा लागली तर मी करून देते.

भाचा : ती येईल?

मावशी : शिव्या देत येईल, पण येईल. लिहिलंस? मोठं लिही, तुझं अक्षर मला लागत नाही. पाचवी तुझी आई.

भाचा : आकडा एकाहत्तर.

मावशी : लिहिलंस का?

भाचा : इथं लिहायचंय, माहिती कुणी दिली. ‘कुटुंबातील व्यक्ती’ असं आहे. तुझं घालू की माझं?

मावशी : माझं घाल. आकडा मला माहीत होता. त्याच्यापुढं तेही लिही, की हिला माहीत होतं.

भाचा : तुझ्यावर केस होईल, मावशी.

मावशी : होऊ दे. त्या पांढऱ्या बुटावरही होईल मग. जिवंत आहे तो, रोज सकाळी कुत्रं घेऊन फिरतो. लिहिलंस?

भाचा : लिहिलं. आणि खाली माझंही नाव लिहिलं. मुलगा म्हणून.

मावशी : दाखव. हं. सहावी मग सांगते, पस्तीस राहिल्यात अजून. सकाळपासून काही खाल्लंस?

भाचा : नाही.

मावशी : मीही थांबलेय. ताट वाढते.

भाचा : मी जेवायला आलो नव्हतो.

मावशी : माहीत आहे. मोरीत जा आणि हात धू. साबण लावून, कोपरापर्यंत.